लाखोरीवरचा सातवा होल

धान पिवळा पडायला लागला की हल्ली ते आधी माझ्या गुडघ्यांना कळतं. डॉक्टर म्हणतात हवा बदलते, बायको म्हणते वय झालं, आणि मला दोघांचंही पटतं. तरी शाळेतून घरी जाताना तलावाच्या पाळीवर सायकल थांबवून, एक पाय जमिनीला टेकून मी उभा राहतोच. पाळीच्या एका बाजूला शिंगाड्याच्या वेलींनी अर्धं झाकलेलं पाणी. दुसऱ्या बाजूला खाली बांध्याच बांध्या. धानाच्या शेतातल्या लहान लहान चौकटींना आमच्याकडे बांधी म्हणतात, आणि दोन बांध्यांमधल्या मातीच्या उंच कडेला धुरा. दिवाळीच्या आसपास या बांध्यांमधून एक वास येतो. ओल्या मातीचा, भरलेल्या लोंब्यांचा, त्यात थोडा आटत चाललेल्या पाण्याचा. हा वास आला की मला एकच हंगाम आठवतो आणि आधी बरं वाटतं, मग लाज वाटते.

तीस वर्षं मी अड्याळच्या अलीकडच्या एका गावातल्या शाळेत खेळाचा शिक्षक आहे. येत्या जानेवारीअखेर निवृत्त होईन. तीस वर्षं उन्हात उभं राहण्याचा थकवा एका दिवसात येत नाही, तो हप्त्याहप्त्याने येतो, आणि शेवटच्या वर्षी सगळा एकदमच अंगावर बसतो. आता शिट्टी तोंडात धरली तरी दात ठणकतात. निरोप समारंभात भाषण करायला सांगतील तेव्हा मला फक्त ‘बसा’ एवढंच म्हणायचं आहे. पोरांनाही आणि स्वतःलाही.

माझ्यानंतर मैदान बावणे मॅडमच्या हाती जाणार. तुमसरच्या आहेत, तिथे धानाच्या गिरण्यांच्या आवाजात वाढल्यामुळे की काय, हळू बोलणं त्यांना येत नाही. दीड वर्षापासून शाळेत आहेत. गेल्या सोमवारी दुपारच्या सुट्टीत त्या वही घेऊन माझ्यासमोर बसल्या. वहीत आमच्या नऊ होलचा नकाशा होता, पट्टीने आखलेला.

“सर, आठ होल मस्त आहेत. पण हा सातवा कायले ठेवायचा? मागच्या वर्षी पोरं सरळ चालत गेली अन् तीन फेकीत खल्लास. कोणाले आठवतही नाही नंतर.”

मी नकाशावरच्या सातव्या चौकटींवरून बोट फिरवलं.

“नाहीतर मग ठेवू, अन् तिथं दगड लावू तुमच्या नावाचा. सगळे सांगतात, सातवा सरांनी काढला होता म्हणून. तुमची आठवण राहील ना.”

“बघू,” मी म्हटलं. “धान कापेपर्यंत सांगतो.”

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. इंग्रजीत त्याला डिस्क गोल्फ म्हणतात. हातात जेवणाच्या ताटापेक्षा लहान अशी प्लास्टिकची चकती. ठरलेल्या जागेवरून ती फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि दूरच्या टोपलीत कमीत कमी फेकींत पोचवायची. अशा प्रत्येक वाटेला होल म्हणायचं. होल म्हणायचं पण जमिनीत भोक कुठेही नसतं, हे गावाला समजावून सांगता सांगता माझा पहिला महिना गेला होता.

मी हा खेळ आणला तेव्हा भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गोंदिया वेगळं झालं आणि आमच्या जिल्हा स्पर्धांची रयाच गेली. ज्या शाळांशी वर्षानुवर्षं भांडत कबड्डी खेळलो, ज्यांच्या शिक्षकांशी पंचाच्या निर्णयावरून चहा सोडला आणि पुन्हा धरला, त्यातल्या अर्ध्या शाळा पलीकडच्या जिल्ह्यात गेल्या. दोन दिवसांच्या स्पर्धा एका दुपारीच आटपायला लागल्या. भांडायला माणूस उरला नाही की खेळ किती पोकळ होतो, ते मला त्या वर्षांत कळलं. त्याच काळात नागपूरला शिक्षकांचं एक शिबिर झालं आणि तिथून मी पाच चकत्या घेऊन आलो. त्या वेळी माझे गुडघे माझेच होते. अड्याळहून गावापर्यंत चकत्या हातात धरून चालत आलो आणि वाटेत दोनदा फेकूनही पाहिल्या.

शिबिरात लोखंडी जाळीच्या टोपल्या होत्या, वरून साखळ्या लोंबणाऱ्या. चकती साखळ्यांवर आदळायची आणि खणखणत टोपलीत पडायची. आमच्या शाळेला तेवढं लोखंड कोण देणार? मी बुरडाकडून बांबूच्या नऊ टोपल्या घेतल्या. साखळ्यांच्या जागी काय टांगावं याचा विचार करत घरी बसलो होतो, तेव्हा माळ्यावरचं पोतं दिसलं. आमचा पिढीजात धंदा विणकामाचा. वडिलांचा माग बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्या पोत्यात कांड्या होत्या. कांडी म्हणजे सूत गुंडाळायची लाकडी नळी. शेकड्यांनी होत्या. मी त्या दोऱ्यांत ओवून प्रत्येक टोपलीवर झालरीसारख्या टांगल्या. चकती लागली की खडखड वाजायच्या. वडील एकदा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले, बराच वेळ ऐकत राहिले आणि उठताना म्हणाले, “वाजून राह्यल्या तं अजून.” त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत.

आता मागे वळून पाहताना वाटतं, होल लक्षात राहण्यात त्या आवाजाचा मोठा वाटा होता. लांबून फेकलेली चकती मुकाट्याने टोपलीत पडली असती तर पोरांनी आठ दिवसांत खेळ सोडला असता. केलेल्या कामाचं उत्तर ऐकू आलं पाहिजे. हे मला पगाराच्या नोकरीत फारसं कधी मिळालं नाही, म्हणून कदाचित जास्त जाणवतं.

पहिला होल मी मुद्दाम सोपा ठेवला होता. शाळेच्या फाटकापासून निंबापर्यंत, कोणीही दोन फेकींत पोचावं इतका. तिसरा तलावाच्या पाळीवरून. तिथे पाण्यावरून वारा यायचा आणि चकतीला अलगद उचलायचा. सरळ फेकलेली चकती शेवटी डावीकडे झुकायची आणि उतारावरून घरंगळत खाली जायची. पोरं तिच्या मागे धावत, हसत, शिव्या देत जायची. चौथा मात्र मी हुशारी दाखवायला काढला. विहिरीच्या मागे लपवलेली टोपली, मध्ये दोन बाभळी, फेकणाऱ्याला काहीच दिसणार नाही असा. मला वाटलं होतं की हा सगळ्यात गाजेल. पण त्याच्यावर पोरं गप्प व्हायची. संकट दिसतच नसेल तर त्याच्याशी खेळणार कसं? नशिबाने लागली तर लागली, नाहीतर बाभळीचा काटा पायात. कठीण आणि मजेदार यांतला फरक मला चौथ्या होलने शिकवला, पण तेही फार उशिरा, पोरांच्या गप्प बसण्यातून.

सातवा मी शेवटी आखला आणि सर्वांत कमी डोकं लावून आखला. दिवाळीची सुट्टी संपली होती, धान कापून झाला होता. पाळीच्या खाली आंब्याच्या झाडापासून पलीकडच्या मोहाच्या झाडापर्यंत ओळीने पाच बांध्या रिकाम्या पडलेल्या. जमिनीवर फक्त धसकटं. मी म्हटलं, एवढी मोठी मोकळी जागा देवाने आपल्यासाठीच ठेवली आहे. मोहाच्या बुंध्याशी टोपली लावली आणि पोरांना सोडलं. तीन दिवस चाळीस पोरं त्या पाच बांध्यांमधून आडवीतिडवी धावली. मीही धावलो.

चौथ्या दिवशी धुऱ्यावर एक बाई उभी होती. चाळिशी ओलांडलेली, कमरेला पदर खोचलेला, हातात धान कापायचा इळा. ती शेतं तिची होती, यमुनाबाई रामटेकेंची. नवरा वारलेला, मुलगा लहान, शेती ती स्वतःच करायची.

“ओ गुरुजी! पोरायले डोळे नाही तं नाही, तुमालेबी नाही काय? पायाखाली काय तुडवून राह्यले?”

मी खाली पाहिलं. धसकटांच्या मधून दोन बोटं उंचीचं काहीतरी हिरवं आलेलं होतं.

“गवत आहे ना,” मी म्हटलं.

ती क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिली. “गवत! लाखोरी हाय ते, लाखोरी! उभ्या धानात फेकली होती मीनं. तुमच्या घरी वरण कायचं शिजते?”

आमच्या भागात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या पिकात लाखोरीचं बी फेकून देतात. नांगर नाही, पाणी नाही. वर धान पिकत असतो तेव्हा खाली लाखोरी उगवत असते. धान कापला की तिला ऊन मिळतं आणि माघात ती उपटायला येते. बाहेरच्या माणसाने एकदा तरी विचारलं असतं, ही जमीन रिकामी का सोडली म्हणून. मी इथलाच, मागावरच्या घरात वाढलेला, रोज लाखोरीचं वरण खाणारा. मला वाटलं की मला सगळं ठाऊक आहे. माझ्यासारख्यानेच ही चूक करावी.

त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस पोरांसमोर मी मान खाली घालून म्हटलं, “चुकलं बाई. उद्यापासून इथे कोणी येणार नाही.” पोरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मीच त्यांचा तलाव आटवला होता. यमुनाबाईने पोरांकडे पाहिलं. तिचा राग कुठे वळला ते मला कळलं नाही, पण ती ओरडली, “यायचं नाही असं कोण म्हटलं? धुऱ्यानं जा म्हनावं! धुरा कायसाठी हाय? एक पाय बांधीत पडला तं तंगडं मोडून हाती देईन.”

झालं. त्या एका ओरडण्यात सातवा होल तयार झाला.

दुसऱ्या दिवसापासून तो वेगळाच झाला. चकती बांध्यांवरून फेकायची, पण पाय फक्त धुऱ्यावर. बांधीत पडली तर धुऱ्यावरून जवळ जायचं, लांब बांबूच्या आकडीने ती ओढून घ्यायची आणि तिथूनच पुढची फेक. आकडीला आली नाही तर ती तिथेच राहणार आणि तुमचा खेळ संपला. संध्याकाळी यमुनाबाई स्वतः अनवाणी, रोपांमधून जपून पाय टाकत आत जायची, चकती उचलायची, पदराने पुसून शाळेत आणून द्यायची. त्या वेळी तिच्या तोंडाचा पट्टा चालूच असायचा.

ज्या पाच बांध्यांवरून पोरं तीन दिवस नुसती पळाली होती, तिथे आता ती फेकण्याआधी थांबायला लागली. मला ते थांबणं अजून दिसतं. आंब्याच्या मुळीवर एक पाय, हातात चकती, डोळे मोहाकडे. जोर लावला आणि पाठीशी वारा असला तर चार बांध्या पार होतील, मग धुऱ्याचा कोपरा मिळेल. कमी पडली तर आकडी. आणि भित्र्यांसाठी दुसरी वाट होतीच. डावीकडच्या धुऱ्याने वळसा घेत, छोट्या छोट्या फेकी. नववीतली एक मुलगी नेहमी तिथूनच जायची. पाच लहान फेकी, एकही चूक नाही. शूर मुलं आकडी घेऊन बांधीवर वाकलेली असताना ती मोहाखाली पोचून कांड्या वाजवायची. त्या होलवर भित्र्याला मान होता आणि शूराला आशा होती. एवढं जमलं तर होलला आणखी काय हवं, मला माहीत नाही.

आणि सगळं समोर दिसायचं. चौथ्यासारखी लपवाछपवी नव्हती. समोर हिरवी लाखोरी, दर आठवड्याला बोटभर उंच होणारी, मग निळी-जांभळी फुलं आलेली. पोरं तिला नुसत्या भीतीने जपत नव्हती, ती त्यांना आपली वाटायला लागली होती. एकदा एक बकरी आत शिरली तर चाळीस पोरं खेळ सोडून धुऱ्याधुऱ्याने तिच्या मागे धावली, एकाचाही पाय आत पडला नाही. यमुनाबाई मोहाखाली बसून ओरडत होती, “इकडून वळवा रे, इकडून!” तिचं ओरडणं हा त्या होलचाच भाग झाला होता. ती ज्या दिवशी बाजाराला जायची त्या दिवशी पोरं म्हणायची, आज मजा नाही आली सर.

बाकीच्या आठांना आम्ही आकड्यांनी ओळखायचो. सातव्याला पोरं ‘आजीचा’ म्हणायची. तेव्हा ती काही आजी नव्हती, पण पोरांनी ठरवलं. मी मात्र कागदावर ‘सात’ लिहायचो.

इथे मी थकून थांबलो तरी चालेल असं वाटतं, पण पुढचं सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भंडाऱ्याला खेळशिक्षकांची बैठक झाली. मला आमच्या नऊ होलबद्दल बोलायला सांगितलं. मी फळ्यावर सातवा काढून दाखवला. पाच चौकटी, मध्ये रेघा, पलीकडे झाड. अडथळा कसा दिसला पाहिजे, वाट कशी दोन प्रकारची हवी, पिकाची शिस्त खेळात कशी आणता येते, असं बरंच बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, “कल्पना कोणाची, सर?”

मी म्हटलं, “माझीच. सुचली.”

एवढंच. दोन शब्द. नंतर एका स्थानिक पेपरात माझा फोटो आला, हातात चकती घेऊन. शाळेच्या व्हरांड्यात तो कितीतरी वर्षं चिकटवलेला होता. यमुनाबाईला वाचता येत होतं, ती त्या व्हरांड्यातून चकत्या परत करायला येत होती. तिने तो वाचला की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची म्हणून मी संध्याकाळी मैदानावरच थांबायला लागलो, तिने चकत्या शिपायाकडे द्याव्यात म्हणून. वर्षं गेली. ती खरोखरची आजी झाली. मी ‘सातवा काढणारे सर’ झालो. सवयीने माणूस स्वतःचं खोटंही खरं मानायला लागतो, पण दरवर्षी धान पिवळा पडला आणि तो वास आला की मला ते दोन शब्द पुन्हा ऐकू यायचे.

दोन वर्षांपासून मात्र सातवा मेला आहे. बावणे मॅडमचं खरं आहे. गावात आता हार्वेस्टर येतो. तासाभरात पाच बांध्या साफ करतो, धुरेसुद्धा दाबून टाकतो. त्याच्या चाकांखाली लाखोरी टिकत नाही म्हणून उभ्या धानात बी फेकणं बहुतेकांनी सोडलं. आता तिथे नुसती धसकटं आणि चाकांचे चर. पोरं सरळ चालत जातात. अंतर तेवढंच आहे, आंबा तोच, मोह तोच, कांड्याही नव्या ओवल्या आहेत. पण मध्ये जपायचं असं काही नाही, त्यामुळे थांबायचंही काही नाही. मागच्या वर्षी मी आंब्याखाली उभा राहून पोरांना पाहिलं. कोणी फेकण्याआधी श्वाससुद्धा घेतला नाही.

आणि आता त्या मेलेल्या होलवर माझ्या नावाचा दगड बसणार होता. म्हणजे उरलेलं आयुष्य मी पाळीवरून जाता-येता ते खोटं वाचणार.

मंगळवारी दुपारी मी यमुनाबाईच्या घरी गेलो. अंगणात ती सुपात काहीतरी निवडत बसली होती. साठी कधीच मागे पडलेली, पाठ वाकलेली, डोळ्यांवर जाड चष्मा. मागे भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि त्याखाली मुलाच्या नोकरीच्या ठिकाणचं कॅलेंडर. मुलगा भंडाऱ्याला असतो.

“या गुरुजी. रस्ता चुकले काय?”

मी खाली बसलो. बसताना गुडघा वाजला. ती हसली. “तुमच्याबी कांड्या वाजाले लागल्या.”

मी सरळ विषयालाच हात घातला. तेवढं फिरवून बोलायची ताकद राहिली नाही. म्हटलं, “बाई, तो सातवा होल मी काढला असं मी लोकांना सांगत आलो. इतकी वर्षं. भंडाऱ्याला फळ्यावर काढून दाखवला तेव्हाही सांगितलं.”

“मंग? काढला नाही काय तुमी?”

“मी नाही. तुम्ही काढला. धुऱ्याने जा, हे तुम्ही म्हटलं.”

ती सुपातले खडे काढत राहिली. “मी तं नुसती बोंबलली होती, गुरुजी.”

“तेच तर.”

मला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. फक्त जास्त थकल्यासारखं वाटलं, ओझं खाली ठेवल्यावर हात कापतात तसं.

“वाचलं होतं मीनं,” ती मग म्हणाली. “पेपरात. व्हरांड्यात. मले राग नाही आला. म्हटलं, गुरुजीच्या डोक्यात आलं असंल, आपल्याले काय समजते खेळातलं. पन तुमी मंग मले पाहून पाहून पळाले लागले. त्याचा राग आला.”

मला वाटत होतं मी तिच्या नावाचं काहीतरी चोरलं. तिला चोरीचं काहीच नव्हतं, तिला माणूस तुटल्याचं वाईट वाटलं होतं. इतक्या वर्षांत एकदा चकती हातात घेऊन ‘बसा बाई, चहा घ्या’ म्हटलं असतं तर पुरलं असतं.

“चुकलं,” मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायची ही दुसरी वेळ, आणि दोन्ही वेळा तिच्यासमोर.

मग मी ज्यासाठी आलो होतो ते मागितलं. म्हटलं, “यंदा लाखोरी टाका ना. पाच नाही तर निदान मधल्या तीन बांध्यांत. त्याशिवाय तो होल नाही. मॅडम काढून टाकणार आहेत.”

तिने सूप बाजूला ठेवलं. “कोण टाकते आता? मशीन येते, घंट्याभरात मोकळं करते. मलेबी बरं वाटते गुरुजी, खोटं कायले बोलू. इळ्यानं कापाले कंबर कुठं राह्यली? अन् मंग माघात उपटाले कोण? पोरगा म्हनते, दुकानातून आन लाखोरी, कायले मरून राह्यली.”

तिचं सगळं खरं होतं. थकलेल्या माणसाने थकलेल्या माणसाला अजून थोडं थक म्हणायचं, याला किती तोंड लागतं ते मला त्या अंगणात कळलं. मी उठायला लागलो. उठताना खांबाला धरावं लागलं.

“बसा,” ती म्हणाली. “पोरं येतात काय अजून तिथं?”

“येतात. पण सरळ चालत जातात.”

“सरळ?” तिला ते बरं वाटलं नाही. चष्मा काढून तिने पदराने पुसला, जशी चकत्या पुसायची. “धुऱ्यावर कोनीच नाही चालत?”

“कशाला चालतील? जपायला काही नाही ना.”

तिने ओसरीतल्या बियाच्या मडक्याकडे पाहिलं, मग बाहेर उन्हाकडे. “तीन बांध्या मशीनीले नाही देत,” ती म्हणाली. “तेवढा धान हाती कापू. पन बी फेकाले मी आत नाही जाऊ शकत. पाय फसते माहा. फेकान काय तुमी?”

बुधवारी रात्री तिने बी भिजत घातलं. गुरुवारी सकाळी शाळा भरायच्या आधी मी तिथे पोचलो. पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, भिजलेली लाखोरी बांधलेलं ओलं फडकं खांद्याला अडकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उभ्या धानात शिरलो. पायाखाली थंड चिखल, दोन्ही बाजूंनी लोंब्या मांड्यांना घासत होत्या, दव पडलेलं होतं. तीस वर्षं पोरांना फेकायला शिकवलं, मनगट कसं ठेवायचं, खांदा कसा वळवायचा. मूठभर बी हाती घेतलं तर त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. पहिली मूठ सगळी एका जागी पडली.

यमुनाबाई धुऱ्यावर काठी टेकून उभी होती. “अशी कोंबड्यायले दाने टाकल्यावानी नाही. हात सैल सोडा. पसरून.”

मी सैल सोडला. बी धानावर आपटत, पानांवरून घरंगळत खाली चिखलात गेलं. त्याचा आवाज पावसाच्या पहिल्या चार थेंबांएवढा, जेमतेम ऐकू येईल इतका. पण उत्तर आलं. मी पुढे सरकलो, पुन्हा फेकलं. दुसऱ्या बांधीपर्यंत श्वास लागला, गुडघे जळत होते. एका जागी थांबलो तर वर पाळीवर बावणे मॅडम स्कूटी थांबवून उभ्या दिसल्या.

“सर! काय करून राह्यले तुम्ही?”

“सातवा काढतोय,” मी ओरडलो. दम लागल्यामुळे पुढचं मोठ्याने म्हणता येईना, म्हणून काठी टेकलेल्या बाईकडे हात केला. “होल ह्यांचा आहे. दगडावर माझं नाव टाकू नका. आजीचा, असं लिहा.”

“अन् हे पोरायले सांगा,” यमुनाबाई तिकडे वळून म्हणाली, वयाच्या मानाने आवाज अजून खणखणीत, “धुऱ्यानं जा म्हनावं.”

बावणे मॅडम तिथेच स्कूटीवर बसून वहीत काही लिहायला लागल्या. मी तिसऱ्या बांधीत शिरलो. माघात ही लाखोरी उपटायला येईल तेव्हा मी निवृत्त झालेलो असेन. तसं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, “मंग तं मोकळेच राहान. या उपटाले.” मी हो म्हटलं. थकवा काही कमी झाला नव्हता, पण त्याला एक जागा मिळाली होती.

शेवटच्या कोपऱ्यात मी उरलेली मूठ फेकली. वारा तलावाकडून आला आणि सगळं बी उजवीकडे उडालं.

“कोपरा सुटला ना,” ती धुऱ्यावरून म्हणाली.

“पुन्हा फेकू?”

“फेका. इथं मोजाले कोन बसलं हाय?”